इंजिन बंद न करणारा गुणवंत

आखातातल्या मुसफ्फा या गॅरेजांच्या वस्तीत गाडीला चोरकुलूप बसवून देणारे पन्नास जण मिळतील. पण दुबई-शारजाचे वेगवान गाड्यांचे शौकीन वाटेतली सगळी गॅरेजं सोडून दीड-दोन तास लांब ज्याच्याकडे येतात, तो गुणवंत एकटाच. वय अठ्ठावन्न, अंगाने काटकुळा, चष्म्याची एक दांडी तांब्याच्या तारेने बांधलेली. इचलकरंजीत तो यंत्रमागांच्या मोटारी दुरुस्त करायचा. तिथून तीस वर्षांपूर्वी एका बस कंपनीत इलेक्ट्रिशियन म्हणून इथे आला, आणि बसच्या वायरी सोडवता सोडवता पाचशे घोड्यांच्या गाड्यांपर्यंत पोचला. गंमत अशी, की त्याला स्वतःला गाडी चालवता येत नाही. लायसनची टेस्ट त्याने सात वेळा दिली आणि सातही वेळा इमानेइतबारे नापास झाला. जगातल्या उत्तमोत्तम गाड्या दिवसभर हाताखालून घालवायच्या आणि संध्याकाळी बसने खोलीवर जायचं, असं त्याचं चाललेलं असतं.

त्याच्याकडे सुजीत आला तो मार्चमध्ये. सुजीत शारजातच जन्मला, शाळा इथलीच, नोकरी दुबईत, घर अल नहदाला. घरी बायको शुभ्रा आणि चार वर्षांची केया. लहानपणापासून खिडकीतून ज्या गाड्यांचे आवाज ऐकत तो मोठा झाला, तसली एक निळी, दोन दारांची, साडेचारशे घोड्यांची गाडी त्याने नुकतीच घेतली होती. सेकंडहँड, पण रुबाब नव्या नवरीचा. पुण्याला वडिलांना फोनवर किंमत दिरहॅममध्ये सांगितली, तेव्हा पलीकडून त्यांनी मोठ्याने गुणाकार सुरू केला आणि ‘बत्तीस लाख?’ असं विचारलं. सुजीतने रेंज गेल्याचं नाटक करून फोन ठेवला होता. पुढे ओळखीतल्या एकाची अगदी तशीच गाडी भरदिवसा चोरीला गेली आणि ह्याची झोप उडाली.

गुणवंतने गाडीभोवती एक चक्कर मारली, बूट काढले, आणि पाय बाहेर, डोकं स्टिअरिंगखाली असा आत शिरला. पुढचे चार तास सुजीतला ते पायच दिसले. अधूनमधून तो वाकून बघे. गुणवंत डोळे मिटून काम करत होता. एकसारख्या काळ्या वायरींच्या जुडग्यातून बोट फिरवायचा, एकीपाशी थांबायचा, आणि ती नेमकी हवी तीच निघायची. कारखान्यातून आलेली कापडी पट्टी त्याने न फाटता सोडवली, आत आपलं बारकंसं यंत्र बसवलं, आणि तीच पट्टी तिच्याच जुन्या सुरकुत्यांवरून परत गुंडाळली. काम झाल्यावर सुजीतने मोबाइलचा टॉर्च लावून शोधलं. माणसाचा हात लागल्याची खूण नव्हती. आपल्या ऑफिसात कोणी एखादं काम इतकं मन लावून केलेलं त्याला आठवेना.

“हा टॅग,” गुणवंतने नखाएवढी काळी चकती त्याच्या हातावर ठेवली. “चावीपासून वेगळा ठेवायचा, खिशात. टॅग जवळ नसताना कोणी गाडी हलवली, की पन्नास-साठ फुटांत अ‍ॅक्सिलरेटर मरणार. चोर पाय देऊन देऊन थकेल. गाडी फक्त सरपटणार, माणूस चालतो तेवढ्या वेगाने.”

“आणि इंजिन?”

“इंजिन चालू राहणार.”

“नाही काका, मला फुल कट पाहिजे. चोर बसला की इंजिन बंद. खलास.”

“इंजिन मी मारत नाही.”

“अहो, पण पैसे मी देतोय ना?”

“मग शेजारच्या शटरमध्ये द्या. तो अबुजर मारून देतो. माझ्याहून स्वस्तात देतो.” गुणवंत हात पुसत म्हणाला. जराही रागावलेला नव्हता. मग त्याने विचारलं, “मागे कोण बसतं?”

“मागे? कोणी नाही. नावाला सीट आहे ती.”

गुणवंतने शर्टाच्या खिशातून एक पिवळी, फुलपाखराची क्लिप काढली आणि सुजीतपुढे धरली. सीटच्या खाली सापडली होती.

“मुलगी आहे माझी. कधीतरी बसते,” सुजीत म्हणाला.

गुणवंतने मान हलवली आणि पुन्हा आत शिरून आणखी पाऊण तास काहीतरी केलं. काय केलं ते त्याने सांगितलं नाही आणि सुजीतनेही वैतागून विचारलं नाही. घरी आल्यावर तो शुभ्राला म्हणाला, “म्हातारा हेकट आहे. कलाकार आहे, पण हेकट.”

जुलै आला. आखातातला जुलै ज्याने पाहिला नाही त्याला सांगून खरं वाटायचं नाही. सकाळी अकराला गाडीचं दार उघडायचं तर हाताला रुमाल लागतो. म्हणून इथे झाडून सगळ्यांना एक सवय लागलेली असते. ग्रोसरीपुढे गाडी लावायची, इंजिन चालू, एसी चालू, आणि ‘आलोच’ म्हणून आत जायचं. पोलीस दरवर्षी बजावतात, दंड लावतात. लोक माना डोलावतात आणि गाडी चालूच ठेवतात. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या द्याव्यात, तसला प्रकार. आणि ही गाडी तर बिनचावीची. चावी मालकाच्या खिशात गेली तरी ती आपली घुर्रघुर्र करत उभी राहायची.

त्या शनिवारी सुजीत केयाला पोहण्याच्या क्लासहून घेऊन येत होता. पोर मागे तिच्या सीटमध्ये गाढ झोपली होती. कोथिंबीर हवी, असा शुभ्राचा मेसेज आला. बिल्डिंगच्या कोपऱ्यावरच्या ग्रोसरीपुढे त्याने गाडी लावली. झोपलेल्या पोरीला कशाला उठवा, बाहेर पंचेचाळीस डिग्री. एसी चालू ठेवून तो आत गेला.

बाहेर आला तेव्हा गाडी जागेवर नव्हती.

कोथिंबिरीची जुडी हातातून गळाली. गाडीचा विचार त्याच्या मनात आलासुद्धा नाही. बत्तीस लाख, निळा रंग, साडेचारशे घोडे, सगळं पुसलं गेलं, आणि उरली ती फक्त मागची सीट.

आणि मग ती त्याला दिसली. पार्किंगच्या रांगेच्या टोकाला, चारही दिवे उघडझाप करत, त्याची गाडी चालली होती. पळत नव्हती, चालली होती, वरातीतल्या घोड्यासारखी, एकेक पाऊल मोजत. आत एक माणूस स्टिअरिंगवर ओणवा होऊन पाय आपटत होता. सुजीत धावत सुटला. पायात घरातल्या चपला, त्यातली एक वाटेतच राहिली. डांबर तव्यासारखं तापलेलं. ती गाडी चार सेकंदांत शंभरचा वेग घेते असं तो आल्यागेल्याला सांगायचा, आणि आता एक ढेरपोट्या, अनवाणी बाप पायी तिला गाठत होता. तो वीसेक पावलांवर आला तोच चोराने आरशात त्याला पाहिलं, दार उघडलं आणि उडी टाकून गल्लीत पसार झाला. दार उघडताक्षणी गाडी आपण होऊन थांबली.

थांबली, पण इंजिन चालू होतं.

सुजीतने आत डोकं घातलं. थंडगार हवा तोंडावर आली. केया तशीच झोपली होती, मान एका बाजूला कलंडलेली, पोहण्याचा चष्मा कपाळावर. त्याने तिच्या गालाला हात लावला. गाल गार होता. त्या उन्हात, उघड्या दाराशी तो मटकन खाली बसला आणि ओक्साबोक्शी रडला. त्या आवाजाने केया जागी झाली.

“बाबा, आर वी होम?” तिने विचारलं.

काळ आला होता, पण वेळ आली नव्हती. चोर दोन दिवसांत सापडला. पोलिसांनी सुजीतला दंड केला, आणि एका अधिकाऱ्याने शांत आवाजात असं काही सुनावलं की दंड बरा वाटला. घरी शुभ्राने सगळं ऐकून एकच प्रश्न विचारला.

“किती वेळ सोडलं होतंस तिला?”

“दोनच मिनिटं गं. कोथिंबीर घेतली आणि आलो.”

शुभ्राने केयाचे ओले कपडे दोरीवर टाकले. मग म्हणाली, “त्या माणसाकडे जायचंय मला.”

पुढच्या शनिवारी तिघं मुसफ्फाला गेली. शुभ्राने केलेल्या बेसनाच्या लाडवांचा डबा गुणवंतने दोन्ही हातांनी घेतला. ती वाकून पाया पडू लागली, तेव्हा तो बिचारा अवघडून दोन पावलं मागे सरला आणि मागे रचलेल्या टायरांच्या चवडीवर आपटला.

“काका, एक सांगाल?” शुभ्राने विचारलं. “इंजिन का मारत नाही तुम्ही? बाकी सगळे मारतात म्हणे.”

गुणवंतने डबा स्टुलावर ठेवला. “मी नवा होतो तेव्हा,” तो म्हणाला. “ऑगस्ट महिना होता. कंपनीची बस आम्हाला साइटवर नेत होती. बत्तीस माणसं. रस्त्यात इंजिन बंद पडलं. एसी गेला. काचा फिक्स. ड्रायव्हर मदत आणायला गेला तो दोन तास आला नाही. बाहेर सावली नाही, आत हवा नाही. बंद इंजिन म्हणजे काय असतं ते मी आत बसून बघितलंय, ताई. माझ्या शेजारी याकूब म्हणून होता, मुलतानचा. उठायचाच बंद झाला. वाचला तो. पण नंतर माणूस समोर आलं की ओळखायला त्याला वेळ लागायचा. मलासुद्धा.”

त्याने चष्म्याची तार सारखी केली.

“चोराचं काय, तो पळून जातो. गाडी कुठे टाकेल ते आपल्याला माहीत नसतं. बेसमेंटमध्ये, वाळूत, कुठेही. आत कोणी राहिलं असेल तर? म्हणून इंजिन चालू ठेवायचं. लहान मूल बसतं असं कळलं तर मी आणखी एक करतो. टॅग जवळ नसेल तर बटन दाबूनही एसी बंद होत नाही, आणि बाहेरचे दिवे लागतात, म्हणजे लोक बघतील.”

शुभ्रा त्याच्याकडे बघत राहिली. ज्याला सुजीत हेकट म्हातारा म्हणाला होता, त्याने एका क्लिपवरून एका पोरीचा धोका ओळखला होता आणि पाऊण तास जास्तीचा घालवला होता, त्याचे पैसेही न लावता.

केयाला पाणी हवं होतं, म्हणून शुभ्रा तिला आतल्या कूलरकडे घेऊन गेली. गुणवंतने गाडीला लॅपटॉप जोडला. यंत्र पुन्हा नीट लावून द्यायचं होतं. थोड्या वेळाने त्याने सुजीतला खुणेने जवळ बोलावलं आणि स्क्रीन त्याच्याकडे वळवली.

टॅग गाडीपासून लांब गेला, अकरा वाजून सात मिनिटं. गाडी हलली, अकरा वाजून अठरा मिनिटं.

“हलली तेव्हापासूनची नोंद पोलिसांनी नेलीय,” गुणवंत हळू आवाजात म्हणाला. “त्याच्या आधीची कोणी मागितली नाही. पुसू?”

सुजीतने वजाबाकी केली. अकरा मिनिटं. ग्रोसरीत अंकुर भेटला होता, त्याच्याच ऑफिसातला. नवी गाडी कशी आहे रे, असं त्याने विचारलं, आणि सुजीत सांगत बसला. पिकअप काय आहे, आवाज काय आहे, आणि सिक्युरिटी तर अशी बसवलीय म्हणून सांगू, हबीबी, कोणाचा बाप चोरू शकत नाही.

“सगळ्यांना विचारता का तुम्ही असं?”

“विचारतो. कोणाच्या घरी काय बोलणं झालंय, मला काय माहीत?” गुणवंतचं बोट एका बटनावर होतं. दाबत नव्हता, काढतही नव्हता. त्याच्या नजरेत ठपका नव्हता, कुतूहलही नव्हतं. तो नुसता थांबला होता, जणू त्याच्यापाशी सगळा दिवस मोकळा होता.

सुजीतने त्या बोटाकडे पाहिलं आणि त्याला कळलं, की मार्चमध्ये ह्या माणसाने चोराचा विचार फार थोडा केला होता. उरलेला सगळा वेळ त्याने सुजीतचाच विचार केला होता. बाप विसरणार, हे त्याने गृहीतच धरलं होतं, म्हणून पोर वाचली.

“नका पुसू,” सुजीत म्हणाला, आणि मग मोठ्याने, “शुभ्रा, जरा इकडे ये.”

ती केयाला कडेवर घेऊन आली.

“दोन मिनिटं नव्हती. अकरा होती,” सुजीत म्हणाला. “आत अंकुर भेटला. मी त्याला गाडीचं कौतुक सांगत उभा होतो.”

शुभ्राने स्क्रीनवरचे आकडे वाचले. पुन्हा वाचले. केयाला तिने दुसऱ्या कडेवर घेतलं, आणि मोकळा झालेला हात सुजीतपुढे पसरला. त्याने खिशातून टॅग काढून तिच्या हातावर ठेवला.