कुलपातला चहा

मागच्या वर्षी मी एकट्याने आमच्या घरचा खर्च आटोक्यात आणला, आणि त्यापायी वर्षाचं भात हातचं जाता जाता राहिलं.

आमचं गाव वेल्ह्याजवळ. सकाळपासून ओट्यावर कोणी ना कोणी टेकतं आणि सुमन (माझी बायको) चहाचं आधण ठेवते. मोबाईलवर एका शहाण्याने सांगितलं, 'फालतू खर्च शोधा.' मला तो कपबशीतच सापडला! साखर आणि चहापत्ती पत्र्याच्या पेटीत घातली, कुलूप ठोकलं आणि किल्ली कमरेच्या करदोट्याला बांधली.

"अवो, माणसं काय म्हणतील?"

"त्यांच्या घरी च्या न्हाई व्हय?"

आठवड्यात ओटा रिकामा झाला. किती बचत, किती शांतता! मी खूश.

मग भाताची लावणी आली. आमच्याकडे लावणी सावडीने होते. आज सगळे तुमच्या खाचरात, उद्या माझ्या. त्या वर्षी मला कोणी बोलावलंच नाही, मग माझ्याकडे येणार कोण? रोप पिवळं पडायला लागलं. ते वाया गेलं की वर्षभर तांदूळ विकत!

शेवटी आम्ही दोघंच चिखलात उतरलो. तासाभरात मी तीनदा बसलो आणि एकदा उताणा पडलो. त्यात करदोटा तुटला आणि किल्ली गडप! मी ओणवा होऊन चिखल चाचपत होतो, तेवढ्यात शेजारचे म्हादूआबा दहा-बारा माणसं घेऊन बांधावर उभे.

"आरं, भात लावतुयास का खेकडं धरतुयास?"

मला भरूनच आलं. "आबा, तुमी माज्यासाटी आलात!"

"तुज्यासाटी कोन येतंय? सुमननं म्हैनाभर पत्ती उसनी आणून मागल्या दारानं गुळाचा च्या पाजलाय. तिच्यासाटी आलोय."

दुपार टळायच्या आत सगळं खाचर हिरवं झालं. मी घरी धावलो, पहारीने पेटी फोडली. आत साखरेला मुंग्यांची जत्रा! पुन्हा गुळाचाच चहा झाला. तो एकेकाच्या हातात देताना माझे डोळे ओले झाले. ज्याला मी फालतू खर्च म्हणालो, त्यानेच आमची वर्षाची चूल राखली होती. या माणसांचे आणि सुमनचे उपकार मी विसरणार नाही.

आता घरखर्च सुमन बघते. मोबाईलवरच्या त्या शहाण्याचं मी अजूनही रोज ऐकतो, कपबशा विसळता विसळता!