साठ बाटल्या आणि एक पोतं युरिया

माझ्या मुलीच्या साक्षगंधात, म्हणजे साखरपुड्यात, मांडवभर मुतारीचा वास सुटला, पण माझं गणित कुठेही चुकलेलं नव्हतं.

मारेगाव तालुक्यातलं आमचं गाव, मे महिना, बाहेर पंचेचाळीस अंश. सकाळीच लाइट गेली आणि तीन घरांच्या फ्रिजमध्ये वाटून ठेवलेल्या कोल्ड्रिंकच्या साठ बाटल्या कोमट होऊ लागल्या. पुसदहून मुलाकडची मंडळी बाराला येणार. पहिल्याच दिवशी त्यांना गरम कोल्ड्रिंक पाजलं, तर पोरीला जन्मभर ऐकावं लागणार!

"भाऊजी, मी गाडी काढतो, बर्फाच्या दोन लाद्या आणतो," माझा साळा दिनेश म्हणाला.

कोणत्याही अडचणीवर गाडी काढणे हा दिनेशचा एकमेव उपाय. (डोकं काढल्याची नोंद नाही.)

"बर्फ कायले? अर्धा रस्त्यातच वितळते. घरात युरिया पडून हाय ना!"

"युरिया?" बायको स्वयंपाकघरातून ओरडली. "पाहुण्याईले खत पाजता का?"

आता या लोकांना काय सांगावं! युरिया पाण्यात विरघळताना पाण्यातली उष्णता शोषून घेतो. फवारणीसाठी युरिया कालवताना बादली गार पडते, हे आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक. पण त्याचा हिशेब करण्याची बुद्धी कुणाला नाही. मी केला. शंभर लिटर पाणी, पंचेचाळीस किलोचं एक पोतं. वीस अंश तरी उतरायला हवेत.

अकराला मी ड्रममध्ये पोतं रिकामं केलं, काठीने ढवळलं आणि तापमापक बुडवलं. छत्तीसवरून थेट सोळा! बंद बाटल्या आत सोडल्या आणि दिनेशकडे असं पाहिलं, की त्याने गाडीची किल्ली खिशात घातली.

बाराला फोन आला. पाहुणे दोन तास उशिरा येणार.

"आता गरम होईन ना थे पाणी," दिनेश म्हणाला.

"म्हणूनच तर मी हाय इथं!"

गोठ्यातून सोयाबीनचं कुटार, म्हणजे मळणीनंतर उरलेला भुसा, आणलं. ड्रमभोवती रचलंच, वर पाण्यावरही वीतभर थर दिला. बाहेरची उष्णता आत शिरणार कशी? मी तर तिच्या दाराला कुलूपच लावलं होतं!

एकला बायकोने नाक मुरडलं. "काहीतरी वास येऊन राह्यला."

"तुले नेहमीच येते."

दीडला आचारी भजी सोडून पलीकडे जाऊन उभा राहिला. पावणेदोनला दिनेशचे डोळे चुरचुरू लागले. "भाऊजी, ड्रममधून येऊन राह्यलाय!"

"युरियाले वास नसते!" मी गरजलो. तेवढ्यात पाहुण्यांची जीप दारात थांबली.

व्याही कृषी खात्यातून निवृत्त झालेले. मांडवात पाऊल टाकताच त्यांनी नाकाला रुमाल लावला आणि वासाच्या दिशेने सरळ ड्रमपाशी आले. कुटार चिमटीत धरून पाहिलं.

"इवाईबुवा, यात सोयाबीनचे दाणे आहेत. युरियात टाकले?"

"वरून झाकलं फक्त. गारवा टिकावा म्हणून."

"सोयाबीनमधल्या एका द्रव्याने युरियाचा अमोनिया होतो. म्हणून तर जनावरांच्या खाद्यात हे दोन्ही एकत्र कालवू नका, असं आम्ही गावोगाव सांगत फिरलो." ते थांबले. "तुमच्या गावालेही आलतो."

मला ती सभा आठवली. अर्ध्यातून उठून आलो होतो. म्हटलं, हे आपल्याला काय शिकवणार!

"पण पाणी चोवीस अंशच आहे," मी क्षीण आवाजात म्हणालो. (खरोखर होतं!)

त्या चोवीस अंशाच्या बाटल्यांना कुणी हात लावला नाही. दिनेशने गाडी काढली आणि अर्ध्या तासात बर्फ आला. अर्धाच वितळलेला, म्हणजे तेवढा माझा अंदाज बरोबर होता. साक्षगंध शेजाऱ्यांच्या अंगणात पार पडलं.

लग्नाच्या आदल्या दिवशी व्याह्यांनी कामांची यादी पाठवली. सगळ्यांना दोन-दोन कामं. माझ्या नावापुढे एकच: 'खुर्चीवर बसणे.'

ते मी बिनचूक पार पाडलं. बायको शेजारी बसून होती, लक्ष ठेवायला.