सरळ चाललेला उंट

तर काल उंटापाशी थांबलो होतो. उंट म्हणजे बुद्धिबळातला, जन्मभर तिरका चालणारा. तो भर क्लबात सरळ का चालला, ते ऐका.

माझी पुतणी घड्याळवाल्याची लेक. घड्याळं सोडून कॉम्प्युटरपुढे बसली आणि बुद्धिबळाचा प्रोग्राम लिहिला. मी खेळायला बसलो, तर चष्मा पुसून डोळ्यावर चढवेपर्यंत मात!

तिच्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याचं कॉम्प्युटरचं दुकान. "विकून देतो," म्हणून प्रोग्रामची फ्लॉपी नेली, भराभर नकला काढल्या आणि वेष्टनावर नाव छापलं स्वतःचं! हिने विचारलं, तर म्हणतात, "अगं, नाव घरातलंच आहे ना?"

आम्हाला वाटलं, पोरीने गिळलं. कुठलं! काही दिवसांनी स्वतःच दुकानात गेली. "भावोजी, नवी आवृत्ती. जास्त हुशार आहे." भावोजींनी दोन्ही हातांनी घेतली.

त्यांनी केसाने गळा कापला होता, हिने सुईने. बापाच्या पेटीतली बारीक सुई घेऊन या नव्या फ्लॉपीला एके जागी ओरखडा काढला होता. प्रोग्राम आधी तो ओरखडा शोधायचा. नकलेत सगळं उतरतं, ओरखडा उतरत नाही. तो नाही सापडला तरी पठ्ठ्या बंद पडायचा नाही. गोडीगुलाबीने खेळायचा आणि डाव रंगात आला की उंट सरळ सोडायचा.

भावोजींनी अस्सल फ्लॉपी कपाटात जपून ठेवली, नकला विकायला काढल्या आणि क्लबात मिरवायलाही नेली नक्कलच. समोर क्लबाचे अध्यक्ष. उंट नाकासमोर चालत गेला आणि त्यांचा वजीर खाल्ला.

"अहो, हा उंट की हत्ती?"

भावोजींना प्यादंसुद्धा धड ओळखू येत नाही. पण ताठ्याने म्हणाले, "नवी आवृत्ती आहे. यात उंट सुधारलाय."

"प्रोग्राम तुम्हीच लिहिलात ना?"

"मीच!"

मग काय हशा! मागच्या रांगेत पुतणी निवांत शेंगा सोलत होती. इतक्या चवीने शेंगा खाताना मी तिला कधी पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी भावोजी तिच्या दारात. "गिऱ्हाइकं दुकानात येऊन भांडतायत. लोक मला 'उंटवाले' म्हणतात गं! घरचीच ना तू? कर की तिरका!"

पुतणी म्हणाली, "घरचीच आहे, म्हणून नुसता उंट सरळ केला, भावोजी. परकी असते तर तुमचा राजाच पळवला असता. आता त्याच क्लबात, ताईला शेजारी बसवून, तुमच्या तोंडाने सांगा हा खेळ कुणी लिहिला. तोवर तो सरळच चालणार."