देवाच्या कृपेनं, फलाट क्रमांक तीन

बस डेपोच्या चौकशी खिडकीमागे काचेची एक खोली होती. एक खुर्ची, एक टेबल आणि एक माईक ठेवला की ती भरायची. उरलेल्या जागेत माईकमावशी बसायच्या. त्यांनी उभं आयुष्य तिथे बसून गाड्या सोडल्या. ड्रायव्हर लोक म्हणायचे, गाडी आम्ही सोडतो, मावशी नुसतं ओरडून सांगतात. त्यावर मावशींचं म्हणणं असं, की मी ओरडल्याशिवाय यांच्यातला एक जण तरी चहाचा कप खाली ठेवतो का, ते आधी बघा.

डेपोच्या चारी कोपऱ्यांत भोंगे होते. एका भोंग्यात कबुतरांनी बिऱ्हाड केलं होतं, म्हणून त्या बाजूच्या उतारूंना मावशींचा आवाज जरा घुमून, फडफडत ऐकू यायचा. पण कुठल्याही कोपऱ्यात उभं राहिलं तरी सुरुवात एकच.

"देवाच्या कृपेनं बंदराची गाडी फलाट क्रमांक तीनवर लागली आहे."

गाडी लागली की देवाची कृपा, सुटली की देवाची कृपा. हरवलेली छत्री देवाच्या कृपेनं सापडायची, आणि पुरुषांची मुतारीही देवाच्या कृपेनंच दुरुस्तीसाठी बंद व्हायची. मावशींना त्यात काही वावगं वाटत नसे. देव आहे म्हटल्यावर तो गाड्यांपुरताच असून कसं चालेल?

ही सवय भक्तीतून लागली म्हणावं तर ते अर्धंच खरं. नोकरीच्या पहिल्या दिवशी मावशींनी मोठ्या तोऱ्यात "डोंगराकडची गाडी सुटत आहे" असं जाहीर केलं, आणि गाडी फाटकापर्यंत जाऊन धूर सोडत जागच्या जागी बसली. साठ-सत्तर माणसं पिशव्या घेऊन खिडकीवर आली. ड्रायव्हरला कुणी काही बोललं नाही, बोलले ते मावशींना, कारण शब्द त्यांनी दिला होता. त्या दिवशी घरी जाताना मावशींच्या डोक्यात लख्ख उजेड पडला: आपल्या हातात माईक सोडून काहीच नाही, तेव्हा ज्याच्या हातात आहे त्याचं नाव आधी घेतलेलं बरं. तेव्हापासून गाडी बिघडली तर लोक वर बघायचे, खिडकीकडे नाही.

डेपोसमोर रस्त्यापलीकडे, चपलांचं दुकान आणि झेरॉक्सचं दुकान यांच्या सांदीत एक घड्याळजी बसायचा. डोळ्याला भिंग, पुढ्यात चाकं, स्प्रिंगा, काटे. हे मावशींचे यजमान. त्यांचा देवावर काडीचा विश्वास नव्हता. घड्याळ आतून उघडून बघितलेला माणूस, त्याला सगळ्या गोष्टीत चाकंच दिसायची. दिवसभर भोंग्यातून बायकोचा आवाज ऐकायचा आणि गिऱ्हाइकाला सांगायचा, "देवाच्या कृपेनं सुटलेली गाडी आणि माझं घड्याळ, यांचं आजवर एकदाही जुळलं नाही." गिऱ्हाईक हसायचं. ते हसू फिरून फिरून मावशींच्या कानावर यायचं, आणि त्या रात्री ताटात मीठ जरा जास्त पडायचं. एवढं सोडलं तर संसार सुरळीत होता.

मग डेपोत नवे साहेब आले. माणूस वाईट नव्हता, पण तक्रारीला फार घाबरायचा. कुणी नुसतं खाकरलं तरी साहेब विचारायचे, काही अडचण आहे का? एक दिवस त्यांनी मावशींना केबिनमध्ये बोलावलं, बसायला सांगितलं, चहा मागवला. चहा आला तेव्हाच मावशींनी ओळखलं की काहीतरी जड जाणारं ऐकायचं आहे.

साहेब फिरून फिरून मुद्द्यावर आले. डेपो सगळ्यांचा आहे. गाडीत सगळ्या प्रकारचे लोक बसतात. कुणाची श्रद्धा कशी, कुणाची नाहीच. तर सरकारी भोंग्यावर देवाचं नाव नको. तोंडी तक्रार आलेली आहे. कुणाची, ते त्यांनी सांगितलं नाही. तक्रारदाराला तसा शब्द दिला होता म्हणे.

मावशी चहा तसाच टाकून बाहेर आल्या. तक्रार कुणी केली असेल याचा विचार करायला त्यांना काचेच्या खोलीपर्यंतसुद्धा जावं लागलं नाही. समोर रस्त्यापलीकडे भिंग लावून तो बसलेलाच होता. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ. बाहेरच्याची काय बिशाद होती!

घरी त्या एक अक्षर बोलल्या नाहीत. ताट आपटून वाढलं, पाण्याचा तांब्या आपटून ठेवला, आणि भिंतीकडे तोंड करून झोपल्या. घड्याळजींनी दोनदा "काय झालं गं?" विचारलं, उत्तर आलं नाही, तेव्हा त्यांनी आपलं एक मोडकं गजराचं घड्याळ काढलं आणि ते साफ करत बसले. हेच पुढे रोज चाललं.

डेपोत तर कहरच झाला. मावशी बटण दाबायच्या, तोंड उघडायच्या, आणि इतक्या वर्षांची वाट बंद झाल्यासारखे शब्द घशातच अडायचे. भोंग्यातून नुसता खरखराट. मग एकदम मधूनच, "बंदराची गाडी." लोकांना वाटलं माईक बिघडला. वायरमन दोनदा येऊन वायर बदलून गेला. कबुतरंही बावचळली असं झाडूवाल्या मामांचं मत होतं, पण मामा प्रत्येक गोष्टीत कबुतरं आणायचे.

खरी गंमत पुढे झाली. आता "डोंगराकडची गाडी दहा मिनिटांत सुटेल" एवढंच ऐकू यायला लागलं, तेव्हा लोकांनी ते खरं धरलं. आधी दहा मिनिटांचा तास झाला तरी कुणी हूं की चूं करत नव्हतं, कारण देवाचं काम देवाच्या सवडीनं. आता दहा मिनिटं होताच मंडळी उठली. मनगटं पुढे करून खिडकीवर आली. बाई, तुम्ही दहा म्हणालात. दहा झाली. गाडी कुठे आहे? मावशी म्हणाल्या, येईल. कधी? ते मी कसं सांगू? मग मघाशी कसं सांगितलंत?

मावशी उठल्या आणि तडक साहेबांकडे गेल्या. म्हणाल्या, माझं हे असं चालायचं नाही. मागे कुणीतरी उभं आहे असं वाटल्याशिवाय माझ्या तोंडून गाडी सुटत नाही. साहेब त्या वेळी फोनवर डिझेलसाठी कुणाच्या तरी विनवण्या करत होते. त्यांनी हातानंच थांबवलं, फोन ठेवला आणि वैतागून म्हणाले, "कुणाच्या तरी कृपेनं म्हटल्याशिवाय जमतच नसेल, तर माझ्या कृपेनं म्हणा. पण मला काम करू द्या."

मावशी वरिष्ठांचा शब्द खाली पडू देणाऱ्यांतल्या नव्हत्या. खुर्चीत बसल्या, पदर सारखा केला, बटण दाबलं, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा आवाज मोकळा लागला.

"साहेबांच्या कृपेनं डोंगराकडची दुपारची गाडी रद्द झाली आहे."

मावशींनी श्वास घेतला आणि पुढची सूचना दिली.

"साहेबांच्या कृपेनं मुतारीत पाणी नाही."

साहेबांची केबिन कुठे आहे हे त्या दिवसापर्यंत उतारूंना माहीत नव्हतं. पुढच्या पाच मिनिटांत पोराटोरांनाही कळलं. डोंगराकडचे सगळे उतारू बोचक्यांसह आत शिरले. एक जण म्हणाला, तुमच्या कृपेनं रद्द झाली, तर तुमच्याच कृपेनं चालू करा. दुसऱ्यानं पाण्याचं विचारलं. त्याची निकड चेहऱ्यावर दिसत होती. त्या गर्दीत एक बाई नुसतीच हात जोडून उभी होती. साहेबांनी तिला विचारलं, तुमची कुठली गाडी? ती म्हणाली, गाडी नाही, जावयाची बदली लांब झाली आहे, तेवढं तुमच्याकडून झालं तर बघा.

साहेबांनी तिला पाणी दिलं. स्वतःही प्यायले. गर्दी पांगवायला, आणखी एक गाडी मागवायला आणि मावशींना बोलावून घ्यायला त्यांना सगळी दुपार लागली. मावशी आत आल्या तेव्हा साहेबांचा आवाज बसला होता. रागावण्याइतकंही त्राण नव्हतं. त्यांनी हात टेकले.

"मावशी, माझी कृपा आजपासून बंद," ते म्हणाले. "पण त्याचीही सुरू करू नका. ते माळवाले बाबा पुन्हा येऊन बसतील माझ्यासमोर."

मावशी उभ्या होत्या त्या जवळची खुर्ची धरून बसल्या.

माळवाले बाबा म्हणजे बंदराच्या गाडीचे जुने उतारू. पांढरी दाढी, हातात माळ, ओठ सतत हलत. गाडी येवो न येवो, फलाट तीनवरच्या बाकावर ते डोळे मिटून बसलेले असायचे. त्यांच्याइतका देवभोळा माणूस डेपोत दुसरा नव्हता. मावशींना तर वाटायचं, आपली सूचना ऐकून या एका माणसाला तरी बरं वाटत असेल.

दुसऱ्या दिवशी त्या कामावर येताच आधी बाबांच्या बाकावर जाऊन बसल्या. बाबांनी डोळे उघडले, ओळखलं, आणि न विचारताच सांगून टाकलं, की हो, मीच सांगितलं साहेबांना.

"अहो बाई, मी दिवसभर ते नाव घेतो, पण जपून घेतो," ते म्हणाले. "तुम्ही ते मुतारीला लावता."

मावशींना राग आला होता, पण माणूस वयानं मोठा होता. त्या आवाज न चढवता म्हणाल्या, "बाबा, मुतारी बंद असली की माणसाला सगळ्यात आधी आठवण कुणाची येते?"

बाबांची माळ थांबली.

"माझ्या वयात तर फारच येते," ते म्हणाले.

दोघंही हसली. पण बाबांनी आपला मुद्दा सोडला नाही. त्यांनी हळू आवाजात समजावलं, की या फलाटावर त्याला दुसऱ्या नावानं हाक मारणारे आहेत, मुळीच हाक न मारणारेही आहेत. तिकीट सगळ्यांनी काढलेलं आहे. भोंगा सगळ्यांच्या कानात शिरतो, कान काही झाकता येत नाहीत. मुळीच हाक न मारणारा एक माणूस मावशींच्या चांगल्याच ओळखीचा होता, आणि बिनगुन्ह्याचा तो आठवडाभर आपटलेल्या ताटात जेवत होता.

त्या संध्याकाळी मावशींनी ताट हळू ठेवलं. घड्याळजींनी आधी ताटाकडे बघितलं, मग बायकोकडे.

"तक्रार तुम्ही केली नव्हती," मावशी म्हणाल्या.

"मला ठाऊक आहे," ते म्हणाले.

"मग सांगितलं का नाहीत?"

"घरात इतकी शांतता लग्नानंतर पहिल्यांदाच होती. म्हटलं, आणखी दोन दिवस मिळाली तर बघावी."

मावशींनी ताट परत उचलायला हात पुढे केला. घड्याळजींनी ते घट्ट धरून ठेवलं आणि खरं काय ते बोलून टाकलं. देवाचं त्यांना काही देणंघेणं नव्हतं, पण ती ओळ गेल्यापासून त्यांचंही कामाचं तंत्र बिघडलं होतं. भोंग्यातून "देवाच्या कृपेनं" आलं की ते भिंग काढायचे, मान वर करायचे, आणि पुढे गाडीचं नाव येईपर्यंत कान तयार असायचे. गिऱ्हाइकाला हाक मारून सांगायचे, चला, तुमची लागली. आता एकदम "गाडी सुटत आहे" एवढंच हाती लागायचं, नाव आधीच निघून गेलेलं. दोन गिऱ्हाइकांच्या गाड्या चुकल्या होत्या. त्यातला एक घड्याळ दुरुस्त करून घेऊन निघाला होता, त्याला तर फारच लागलं.

"मग आता मी काय करू?" मावशींनी विचारलं. "म्हणू नको म्हणतात. न म्हणता तोंड उघडत नाही."

घड्याळजी घास चावत विचार करत राहिले. "म्हणायचं तर म्हण," ते म्हणाले, "पण बटण दाबायच्या आधी म्हण. तुझ्या देवाला भोंगा लागत नसेल ना?"

मावशी त्यांच्याकडे बघतच राहिल्या. इतक्या वर्षांत या माणसानं देवाबद्दल काढलेला हा पहिला बरा शब्द होता, आणि तोही त्याला न मानता. त्या रात्री भिंत सोडून त्या इकडे तोंड करून झोपल्या.

दुसऱ्या दिवसापासून तसंच सुरू झालं. बोट बटणावर, डोळे मिटलेले, ओठांतल्या ओठांत ती ओळ, मग बटण. आवाज पुन्हा खणखणीत झाला. अडचण एवढीच, की बोटाला घाईची जुनी सवय होती. ओळ पुरी व्हायच्या आत ते बटण दाबून मोकळं व्हायचं. त्यामुळे डेपोभर जे ऐकू यायचं ते असं:

"...पेनं, बंदराची गाडी फलाट क्रमांक तीनवर लागली आहे."

साहेबांनी एकदा केबिनचं दार उघडून कान दिला. "पेनं" या शब्दाला कुणाची श्रद्धा दुखावण्याचा काही धोका त्यांना दिसला नाही. ते दार लावून आत गेले. रस्त्यापलीकडे घड्याळजी "पेनं" ऐकलं की भिंग काढू लागले. एवढा इशारा त्यांना पुरत होता. गाड्या आधीसारख्याच उशिरा येत राहिल्या, पण उतारूही हळूहळू आधीसारखे वर बघायला लागले. का, ते कुणी विचारलं नाही.

नव्या माणसांचा मात्र घोटाळा व्हायचा. एक शहरातून आलेली बाई फलाट तीनवर बाबांच्या शेजारी बसली होती. तिनं दोनदा कान देऊन ऐकलं आणि मग बाबांना विचारलं, की हे पेनं गाव कुठे आलं? इथून प्रत्येक गाडी तिकडूनच जाते वाटतं.

बाबांनी मावशींच्या काचेकडे पाहिलं. मावशी आत डोळे मिटून बसलेल्या, बोट बटणावर.

"गाव नाही हो," बाबा म्हणाले, "बाईंना घसा साफ करायची सवय आहे."

खोटं बोललो हे त्यांचं त्यांनाच जाणवलं. त्यांनी माळ पुन्हा पहिल्या मण्यापासून धरली आणि ती पुरी होईपर्यंत डोळे उघडले नाहीत. तेवढ्यात बंदराची गाडी आली, उभी राहिली, भरली आणि निघून गेली. बाबांची चुकली.