टाळ्यांतली शिट्टी

माझा थोरला भाऊ, आमचा दादूस, बापाची होडी सोडून परदेशी मालाच्या जहाजावर नोकरीला लागला, तेव्हा आईची अन्नावरची वासनाच उडाली. चार घास खायची आणि ताट सारायची. मी तेव्हा अंधेरीला शाळेत जात होते आणि घरात पत्र लिहिता येणारी मी एकटीच. मी ते सगळं दादूसला लिहून टाकलं. अक्कल थोडीच होती!

तीनेक महिन्यांनी त्याच्या जहाजावरचा एक माणूस वेसाव्याच्या कोळीवाड्यात आमच्या घरी एक लाँग प्ले रेकॉर्ड देऊन गेला. कव्हरवर चमचमत्या कपड्यांतला गोरा गायक, घामाने निथळलेला. सोबत चिठ्ठी होती, ती मी आईला वाचून दाखवली. 'आये, हा कार्यक्रम हजारो माणसांपुढे चालू असतानाच रेकॉर्ड केलाय. मी तिथं होतो. शिट्टी आयक, वळखशील.'

दादूसची शिट्टी सगळ्या कोळीवाड्याला ठाऊक. होडी किनाऱ्याला लागायच्या आधी दोन बोटं तोंडात घालून तो अशी लांब शिट्टी मारायचा, की आई चुलीवरचं तसंच टाकून माशांची पाटी घेऊन धावायची.

आमच्याकडे कसला आलाय रेकॉर्ड प्लेअर! हळदीला गाणी वाजवणारा लाउडस्पीकरवाला गल्लीच्या टोकाला राहायचा, त्याच्याकडे गेलो. गाण्याचं आईला काही नव्हतं. "हा बाबा किती बोंबलतो गं!" म्हणाली. पण दुसऱ्या बाजूच्या तिसऱ्या गाण्यानंतर टाळ्यांतून एक लांब शिट्टी उठली आणि ती ताडकन उभी राहिली. "ह्योच! माजा पोर!"

झालं! म्हावरं विकून आली की रोज संध्याकाळी तिची तिथे हजेरी. शेजारणींनाही ओढून न्यायची. गायकाचं नाव एकीलाही माहीत नव्हतं, शिट्टी कधी येते ते मात्र सगळ्यांना पाठ. आणि आई पोटभर जेवायला लागली. मला तर तो गोरा देवमाणूसच वाटायचा.

वर्षाने दादूस सुट्टीवर आला. मी पहिल्याच दिवशी विचारलं, कार्यक्रम कसा होता रे? तो इकडेतिकडे बघायला लागला.

"अगं, मी कुठला जातोय! दुकानात वाजत होती, टाळ्यांत शिट्टी आयकली नि घेतली रेकॉर्ड. तूच लिहिलंस ना, आई जेवत नाय म्हणून?"

माझं डोकंच फिरलं. "अरे मेल्या, सगळ्या कोळीवाड्यात तिची शोभा होईल! आज तू सांग, नाहीतर मी सांगते."

त्याने सांगितलं. आई सुकट निवडत होती. ऐकून घेतलं आणि पुन्हा निवडायला लागली. दादूस तिच्या पायाशी बसून रडला, तरी तिने मान वर केली नाही. त्या दिवशी ती जेवलीही नाही. खऱ्याचा हट्ट धरून मीच वाट लावली, असं मला झालं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती उठली आणि नेहमीसारखी लाउडस्पीकरवाल्याकडे निघाली. रेकॉर्ड मोडते की काय, म्हणून आम्ही दोघं मागोमाग. तिने दुसरी बाजू लावायला सांगितली. शिट्टी आली. आईने पदराने डोळे पुसले.

"आये, तो मी नाय गं," दादूस कळवळून म्हणाला.

"ठाव हाय मना. माजा पोर घरी आला. पन ह्यो पन कुनाचा तरी हाय ना? त्याच्या आयशीला कोन आयकवील?"