सुतारकाकांच्या समोर बोललेलं

सुतारकाकांना ऐकू येत नाही, याचा फायदा त्यांच्या घरच्यांनी पुरेपूर घेतला होता. घरामागच्या शेडमध्ये लाकूड कापायच्या यंत्रापाशी काकांची उभी हयात गेली आणि यंत्राने त्यांचे कान खाल्ले. डॉक्टरांनी कानात घालायचं मशीन दिलं. ते घातलं की भांडी आदळलेली ऐकू येत, माणसं मात्र नाहीत. काकांनी ते डबीत घालून ठेवलं. तेव्हापासून घरात एक सोयीस्कर पद्धत पडली. काकांबद्दल जे बोलायचं, ते त्यांच्या समोरच बोलायचं. उगाच उठून दुसऱ्या खोलीत जायचे कष्ट कोण घेणार?

लेक लांब राहायची. तिच्या व्हिडिओ कॉलवर काका नुसते हसत आणि मान डोलावत. एकदा ती स्वतःच्या गुडघ्याच्या ऑपरेशनचं सांगत होती, तर काका म्हणाले, "वा वा, छान झालं!" त्यानंतर तिने धाकट्या भावाला फर्मान सोडलं, की बाबांच्या लॅपटॉपवर बहिऱ्यांसाठीच्या सोयी असतात त्या आजच्या आज चालू करून दे.

धाकटा म्हणजे घरातला संगणकतज्ज्ञ. ही पदवी त्याला प्रिंटरमध्ये अडकलेला कागद ओढून काढल्याबद्दल मिळाली होती. त्याने सेटिंग उघडलं, 'सुलभता' असं लिहिलेलं दिसलं, आणि त्याखालचं दिसेल ते बटण तो चालू करत सुटला. अक्षरं इतकी फुगली की पडद्यावर एक शब्द मावेना. वर लॅपटॉप स्वतःच बोलायला लागला. बाण जिथे जाईल तिथलं सगळं तो खणखणीत आवाजात वाचून दाखवी. "बटण. बंद करा. बटण." बहिऱ्या माणसाच्या सोयीसाठी! घरातल्या प्रत्येकाचं डोकं उठलं. एकटे काका तेवढे निवांत होते.

शेवटी लेकीनेच फोनवरून एकेक पायरी सांगत ते सगळं निस्तरलं आणि हवी ती सोय लावून घेतली. आता समोरचा जे बोलेल ते पडद्याच्या तळाशी अक्षरांत उमटणार होतं. खाली आणखी एक चौकोन होता, खोलीतला आवाजही लिहू का, असं विचारणारा. धाकट्याने त्यावरही टिचकी मारली. कुठलाही चौकोन रिकामा सोडणं त्याच्या स्वभावातच नव्हतं.

त्या संध्याकाळी काका लेकीशी किती वर्षांनी धड बोलले. चक्क भांडले, औषधं वेळेवर का घेत नाहीस म्हणून. कॉल संपला तरी ते खुशीत तिथेच बसून तिने पाठवलेले फोटो बघत राहिले. दोन्ही मुलगे आणि काकू चहाचे कप घेऊन त्याच टेबलाशी बसले. आणि फोटोंच्या खाली ओळी उमटू लागल्या.

"रविवारी तू बाबांना डोळे तपासायला घेऊन जा," थोरला म्हणत होता. "तेवढ्यात भंगारवाला येऊन ते यंत्र उचलेल. शेड मोकळी झाली की गाडी आत लावता येईल."

"आणि ते परत आल्यावर?" धाकट्याने विचारलं.

"काय करणार? चार दिवस फुगून बसतील."

"एखादा रंधा तेवढा राहू द्या रे," काकू म्हणाल्या. "त्यांच्या समाधानाला."

काका ओळ न ओळ वाचत होते. ज्या यंत्रावर या दोघांची शिक्षणं झाली, ते गाडीच्या सावलीसाठी भंगारात! शेडमध्ये आजही एका गिऱ्हाइकाची खुर्ची अर्धी होऊन उभी होती. सकाळी उठून जायला काकांना तेवढी एकच जागा होती. ती गेली की उरलं काय? हसणं आणि मान डोलावणं. मुलांचा त्यांना राग आला, पण काकूंचा तो एखादा रंधा फार लागला.

"जरा हळू बोला," काका म्हणाले. "दोघं एकदम बोललात की ओळ पळते. चार दिवस फुगून बसतील, आणि मग?"

थोरल्याचा कप तोंडापर्यंत जाऊन थांबला. काकू एकदम उठल्या आणि काही कारण न सापडल्याने परत बसल्या. धाकट्याने लॅपटॉपवर झडप घातली, पण त्याचा हातखंडा चालू करण्यात होता. "अरे, हे बंद कुठून होतं?" असं तो पुटपुटला, तेही पडद्यावर सुवाच्य अक्षरांत आलं.

थोरल्याने घसा खाकरला आणि तो काकूंकडे वळला. "आई, बाबांना सांग ना, आम्ही हे त्यांच्या भल्यासाठीच—"

काकांनी ओळ शेवटपर्यंत वाचली. मग धाकट्याचा हात बाजूला केला आणि लॅपटॉप थोरल्याच्या जवळ सरकवला, आपल्याला दिसेल इतपत तिरका ठेवून.

"मला सांग," ते म्हणाले. "मी इथेच बसलोय."