तिसऱ्या गान्याला थांबलेली बोटं

त्या दुपारी व्हॅनमधी आमी पाच जन व्हतो. माझा लेक, त्यो जाड तारांची गिटार वाजवतो आन् गाडीबी त्योच चालवतो. गानारी बाई, बँड तिचाच. ड्रम बडवनारा दाढीवाला. मांडीवर गिटार आडवी घेऊन वाजवनारा म्हातारा, माज्याच वयाचा. आन् मी, गुडघं दुखत्यात म्हनून फुडच्या शीटवर.

सून हास्पिटलात ड्युटीवर, हितं परदेशात ओंगारच्या घरात मला एकटीला कसं ठेवायचं, म्हनून लेकानं संगं घेतलं. आठवडाभर रोज नवं गाव. गाडीतनं सामान उतरवा, वाजवा, परत चढवा. आदल्या राती केरीत वाजवून झालं, आता ॲथलोनला जायचं व्हतं. त्यांच्या गान्यांचा नवा आल्बम त्या सांजंला निघायचा व्हता. त्याच्यासाठी लई राबलेत पोरं. हालची समदी तिकिटं खपली म्हनत व्हते.

ह्यांचा एक नेम हाय. गान्याच्या दिवशी गाडीत कुनी बोलायचं न्हाई, बाईचा गळा जपायचा. एक बोलला की दुसरा बोलतो, मग तीबी बोलती. म्हनून समदे गप. नुसता त्यो नवा आल्बम बारीक आवाजात सारखा वाजायचा, कुटं काय ऱ्हायलं का बघाय. मागं तिघंबी डुलक्या खात व्हती.

मला त्या गान्यातलं काय कळत न्हाई. पन लेकाची बोटं कळत्यात. तिसऱ्या गान्यात ड्रम थांबतो आन् एकटी त्याची गिटार वाजती. तितं त्याची बोटं स्टेरिंगवर नाचत्यात. दर बारीला.

त्या बारीला नाचली न्हाईत.

मी बघितलं. डोळं उघडं व्हतं त्याचं. पापनी हालंना. फुडं मोठा ट्रक, त्याचं मागचं लाल दिवं मोठं मोठं व्हाय लागलं.

ह्याचा बाप आर्केस्ट्राचा टेंपो चालवायचा, जत्रंच्या दिसांत गावोगाव. असाच भर दुपारचा डोळा लागला. किन्नर, गाडी पुसनारा पोऱ्या, शेजारी व्हता, त्यो वराडला. ह्यांनी दचकून स्टेरिंग वढलं आन् टेंपो कालव्यात. किन्नर वाचला, त्यानंच मला समदं सांगितलं. लेक तवा रांगत व्हता. फुडं लोकांच्या भाकरी थापून त्याला शिकवला.

म्हनून मी वराडले न्हाई. तोंडात पदर कोंबावा वाटलं. त्याच्या हातावर हळू हात ठेवला आन् म्हनलं, "बाळा, मला लघवीला लागलीया."

"हं? काय?" त्यानं ब्रेक दाबला. ट्रक लांब गेला.

"लघवीला. आत्ता."

"आई, अगं थोडं थांब ना..."

"थांबत न्हाई. शीट खराब हुईल."

पेट्रोल पंपावर गाडी लावली त्यानं. तशी मी किल्ली काढली आन् कमरंला खोचली.

"आई, हे काय?"

"मागं जाऊन झोप."

"अगं, साउंडचेक आहे! सगळे तिथे थांबलेत."

"थांबू दे की. दाढीवाला चालवील."

"इन्शुरन्स माझ्या एकट्याच्या नावावर आहे. दे किल्ली. लहान आहे का मी?"

"लहान असतास तर थोबाडीत ठिवून दिली असती."

बाई जागी झाली. नेम मोडून बोलली, "इज शी ग्रँड?" हितं 'बरं हाय'ला ग्रँड म्हनत्यात, मोडल्यालंबी ग्रँड. मी म्हनलं, "नो ग्रँड." दाढीवाला हासला. बाई न्हाई हासली. घड्याळ दावून लेकाला काय काय बोलली, तोंड लालबुंद.

"तिला सांग, तुजा डोळा लागला व्हता," मी म्हनलं.

"काय सांगू? मला झोप आलेली नाही, आई."

"मग तिसऱ्या गान्याला तुजी बोटं कुटं व्हती?"

त्यो माज्याकडं बघत ऱ्हायला. मग सोताच्या हाताकडं. आठवंना त्याला. ट्रकबी आठवंना. तोंड पांढरं पडलं. बाईला हळूच काय तरी सांगितलं, तशी ती खाली उतरली.

म्हातारा काय न इचारता खाली उतरला, शीट मोकळी केली आन् आपला कोट लेकावर घातला. लेक लगीच घोरायला लागला. मी पायरीवर बसले, किल्ली मुठीत. बाई पावसात येरझाऱ्या घालत व्हती.

लेक सोताहून उठला तवाच किल्ली दिली, ॲथलोनला पोचाय उशीरच झाला. साउंडचेक हुकला, पयल्या गान्याला बाईचा आवाज कुनाला आईकू गेला न्हाई. लोकं वराडली. त्याचा राग तिला अजून हाय माज्यावर, आसू दे. तिसऱ्या गान्याला मी लेकाच्या बोटांकडं बघत व्हते. नाचली.

गाडीत गप बसायचा नेम तेवढा तिनं मोडला. आता दाढीवाला फुडं बसतो आन् बडबडतो.

ज्यो कुनी हे वाचंल त्याला एक इनंती. कुनाच्या शेजारी फुडं बसला तर झोपू नका. चालवनाऱ्याचं ध्यान गेलं तर वराडू नका. लघवीला लागली म्हना, आन् गाडी थांबवा.